कुत्री व्यायल्यानंतरचे सहा आठवडे: पिल्लांइतकंच आईकडेही बघा

कुत्री व्यायली की सगळं घर पिल्लांभोवती गोळा होतं. नर किती, माद्या किती, कुणाच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे, कोणतं पिल्लू मामाकडे जाणार, यात दोन-तीन दिवस कसे जातात कळत नाही. आई कोपऱ्यात पडून असते. "दमलीय बिचारी, पडू दे," म्हणून तिला कुणी हलवत नाही. दमलेली तर ती असतेच. पण गर्भाशयात जंतुसंसर्ग झालेली कुत्रीही तशीच पडून राहते. रक्तातलं कॅल्शियम उतरायला लागलेली कुत्री सुरुवातीला फक्त थोडी बेचैन दिसते. हे फरक ओळखायला पशुवैद्य असावं लागत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं, एक थर्मामीटर आणि काय बघायचं याची माहिती एवढं पुरतं. या आजारांवर उपाय आहेत, पण ते वेळेवर व्हावे लागतात. अर्ध्या दिवसाच्या उशिराने आई हातची जाते आणि मागे डोळेही न उघडलेली पिल्लं उरतात.

व्यायच्या आधी जमवून ठेवायच्या गोष्टी

कुत्रीचा गर्भकाळ साधारण 63 दिवसांचा. शेवटच्या आठवड्यात एक डिजिटल थर्मामीटर (फक्त तिच्यासाठी वेगळा), व्हॅसलिन, स्वयंपाकघरातला ग्रॅममध्ये मोजणारा वजनकाटा, टॉर्च, धुतलेल्या जुन्या चादरी आणि पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडर घरात आणून ठेवा. एक वही करा आणि तारीख, वेळ, ताप, खाणं आणि पिल्लांची वजनं असे रकाने आखा. "काल बरी होती" यापेक्षा "काल रात्री 102.4 होता, आज सकाळी 103.8" हे डॉक्टरांच्या कितीतरी जास्त उपयोगाचं असतं.

आणि रात्रीचा प्रश्न आधीच सोडवा. तुमचे नेहमीचे डॉक्टर रात्री फोन उचलतात का? नसतील तर कुठे जायचं? मुंबईत परळचं बाई साकरबाई रुग्णालय, म्हणजे सगळ्यांचं बैलघोडा हॉस्पिटल, बहुतेकांना माहीत असतं. नागपूर, शिरवळ, उदगीर, परभणी इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत आणि त्यांना जोडून दवाखाने आहेत. तुमच्या जवळ जे असेल तिथे फोन करून वेळा विचारा, नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि रात्री दोन वाजता गाडी कोण काढणार हेही ठरवून टाका.

पहिले दोन दिवस: काय स्वाभाविक आहे

प्रत्येक पिल्लामागे एक वार पडते. ती बहुधा पाच ते पंधरा मिनिटांत येते, पण कधी दोन पिल्लं लागोपाठ आली तर त्यांच्या वारा नंतर एकदम पडतात. मोजत राहा. कुत्री वार खाते, हे तिच्या जातीला धरूनच आहे. एक-दोन खाल्ल्या तर हरकत नाही. सगळ्या खाल्ल्या तर काळपट पातळ शी आणि उलटी होऊ शकते, म्हणून उरलेल्या हळूच उचलून घ्या. एखादी वार कमी भरली तर घाबरून जाऊ नका, ती तुमची नजर चुकवून खाल्लेलीही असू शकते. पण ती गोष्ट वहीत लिहा आणि डॉक्टरांना सांगा.

पहिल्या काही तासांत गडद हिरवा स्राव दिसला की लोकांना धक्का बसतो. तो रंग वारेतल्या रंगद्रव्याचा असतो. एक-दोन दिवसांत तो विटकरी-तपकिरी होतो, मग हळूहळू कमी होत जातो आणि तीन-चार आठवड्यांपर्यंत थेंब-थेंब दिसू शकतो. रंगापेक्षा वासाकडे जास्त लक्ष द्या. स्वाभाविक स्रावाला कुजका वास येत नाही.

पहिल्या दोन दिवसांत ताप 103 अंश फॅरनहाइटपर्यंत जाऊ शकतो, कारण शरीर भरून येत असतं. (एरवी कुत्र्याचं तापमान 100.5 ते 102.5 असतं, म्हणजे आपल्या मापाने तापच.) पहिला दिवस ती फारसं खाणार नाही. पिल्लं सोडून शी-शूलाही जाणार नाही, तेव्हा पट्टा लावून दोन-तीन मिनिटांसाठी अंगणात न्या. चोवीस तासांनंतरही अन्नाला तोंड लावत नसेल, तर मात्र ती नुसती दमलेली आहे असं समजू नका.

रोजची तपासणी, दोन वेळा

क्रम सांगते तसाच ठेवा. सगळ्यात आधी लांबूनच दोन मिनिटं बघा. पिल्लं शांत झोपली आहेत की कुरकुरतायत? पोट भरलेली पिल्लं एकमेकांवर रचून झोपतात आणि झोपेत बारीक थरथरतात. उपाशी किंवा थंडीने गारठलेली पिल्लं सारखी रडतात आणि विखुरतात. आईच्या आजाराची पहिली खबर पुष्कळदा पिल्लांकडूनच मिळते.

मग ताप. हे काम तिचा ज्याच्यावर सर्वांत जास्त विश्वास आहे त्यानेच करावं. एरवी मांडीवर झोपणारी कुत्रीसुद्धा पिल्लांपाशी चावते आणि त्यात तिचा दोष नाही. थर्मामीटरला व्हॅसलिन लावा, शेपूट हलकेच वर धरा, टोक दोन-तीन सेंटिमीटर गुदद्वारात घाला आणि बीप होईपर्यंत धरून ठेवा.

दुसऱ्या दिवसानंतर 103 च्या वर ताप दोनदा आला तर डॉक्टरांना फोन करा. 104 झाला तर त्याच दिवशी दाखवा. 105 च्या वर गेला तर लगेच निघा. आणि तापमान 99 च्या खाली उतरलं असेल आणि कुत्री मलूल असेल तर तेही तितकंच तातडीचं आहे. ताप नाही म्हणून निश्चिंत झालेली माणसं इथे फसतात. संसर्ग रक्तात पसरला की शरीर गार पडायला लागतं.

ओठ वर करून हिरड्या बघा. त्या गुलाबी हव्यात. बोटाने दाबल्यावर पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. हिरड्या पांढुरक्या झाल्या असतील तर आत रक्तस्राव होत असेल, विटकरी लाल झाल्या असतील तर संसर्गाचा संशय घ्या. त्यानंतर शेपटीखाली पांढऱ्या कपड्याने टिपून स्रावाचा रंग आणि वास बघा. शेवटी सड. कुत्रीला साधारण आठ ते दहा सड असतात. एकेक करून सगळे चाचपा, एकही वगळू नका. मागच्या पायांजवळच्या जोडीत दूध सर्वांत जास्त असतं आणि बिघाडही तिथेच जास्त होतो.

पिल्लांचं वजन दिवसातून एकदा, ठरावीक वेळी करा. पहिल्या दिवशी थोडं उतरलं तर चालतं. पुढे जन्मवजनाच्या साधारण पाच ते दहा टक्के रोज वाढायला हवं आणि दहा ते चौदा दिवसांत वजन दुप्पट व्हायला हवं. सगळ्या पिल्लांचं वजन एकदम थांबलं असेल तर आईची नीट तपासणी करून घ्या.

कॅल्शियम उतरणं: हे नीट वाचा

या लेखातला एकच भाग वाचणार असाल तर हा वाचा. इंग्रजीत आणि डॉक्टरांच्या बोलण्यात याला एक्लॅम्पसिया म्हणतात, पण बायकांच्या गरोदरपणातल्या त्याच नावाच्या आजाराशी याचा संबंध नाही. तिथे रक्तदाब वाढतो, इथे रक्तातलं कॅल्शियम धोक्याच्या पातळीखाली घसरतं. निरोगी कुत्रीच्या रक्तात ते दर 100 मिलिलिटरमागे साधारण 9 ते 11.5 मिलिग्रॅम असतं. 7 च्या खाली गेलं की स्नायू आखडायला लागतात.

हे बहुधा व्यायल्यानंतर दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात होतं. तेव्हा पिल्लं वाढलेली असतात, दूध सर्वांत जास्त उपसलं जातं आणि घरच्यांना वाटतं की आता धोका टळला. पॉमेरियन, स्पिट्झ, शित्झू, पग, चिवावा अशा लहान चणीच्या कुत्रींना पाच-सहा पिल्लं झाली असतील तर हा आजार डोक्यात पक्का ठेवा. मोठ्या कुत्रीलाही तो होतो, पण क्वचित.

तो कसा सुरू होतो ते सांगते, कारण सुरुवात ओळखली तर निम्मं काम झालं. शेजारच्या एका पॉमेरियनला तिसऱ्या आठवड्यात झालेलं मी जवळून बघितलं आहे. संध्याकाळी ती पिल्लांपासून उठून सारखी घरभर फिरायला लागली. पंखा चालू, अंग गार फरशीवर, तरी धापा टाकत होती. पुढच्या पंजाने तोंड खाजवत होती, जणू काही चिकटलंय. पिल्लं लुचायला आली की त्यांना झटकत होती. घरच्यांना वाटलं, उकडतंय. जेवणं होईपर्यंत तिची चाल बदलली. मागचे पाय गुडघ्यात वाकेनात, लाकडी पायांवर चालावं तशी ती चालायला लागली. कान मागे ओढलेले, कपाळाची कातडी ताणलेली, बुबुळं मोठी. त्यानंतर अर्ध्या तासात ती आडवी पडली, चारही पाय ताठ, सर्व अंगाला कंप आणि ताप 106. सलाइनवर घेतल्यावर तासाभरात ती उठून बसली. दवाखान्यात पोचायला आणखी थोडा वेळ लागला असता तर तसं घडलं नसतं.

तेव्हा बेचैनी, धाप, तोंड खाजवणं, ताठर चाल हा क्रम पाठ करा. यातल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की सकाळची वाट बघू नका.

निघण्यापूर्वी आणि गाडीत काय करायचं? पिल्लं ताबडतोब आईपासून बाजूला करा आणि वेगळ्या खोक्यात उबेत ठेवा. अंग तापलं असेल तर साध्या पाण्याने भिजवलेला कपडा पोटावर, काखेत आणि पंजांवर ठेवा आणि गाडीत एसी किंवा वारा चालू ठेवा. बर्फ लावू नका. झटके येत असतील तर तोंडात हात, चमचा, पाणी, औषध काहीही घालू नका. दिवे आणि आवाज कमी करा, कारण प्रत्येक धक्क्याने कंप वाढतो. निघतानाच फोन करून सांगा, "कुत्री तीन आठवड्यांपूर्वी व्यायली आहे, अंग आखडलंय." एवढ्या एका वाक्यावर डॉक्टर सुई तयार ठेवतील.

तिथे 10 टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून देतात, अगदी सावकाश, दहा ते तीस मिनिटं घेऊन, हृदयाचे ठोके ऐकत. घाईने दिलं तर हृदय थांबू शकतं. म्हणून हे इंजेक्शन घरी द्यायचं नसतं, कुणी कितीही अनुभवी असला तरी. कातडीखाली दिलेलं काही प्रकारचं कॅल्शियम तिथलं मांस कुजवतं. साखरही उतरलेली असेल तर ग्लुकोज लागतं.

गावाकडे याला एक वेगळी अडचण आहे. गाय-म्हशीला विल्यावर कॅल्शियम उतरून होणारा दुग्धज्वर सर्वांना माहीत असतो आणि गोठ्यात कॅल्शियमची बाटली किंवा जेलही असतं. पण गाय या आजारात गार पडते, मान एका बाजूला वळवून बसते, ढिली होते. कुत्री उलट तापते आणि आखडते. म्हणून "हे दुग्धज्वरासारखं दिसत नाही" असं म्हणून वेळ जातो, नाहीतर कुणीतरी गायीची बाटली अंदाजाने चार किलोच्या कुत्रीला टोचतो. दोन्ही घातक आहेत. तालुक्याच्या दवाखान्यातल्या पशुवैद्यांकडे हे औषध असतंच, त्यांना कुत्रीच्या वजनाप्रमाणे देऊ द्या.

बरी झाल्यावर पिल्लं किमान बारा ते चोवीस तास तिच्याकडे द्यायची नाहीत. पावडरच्या दुधावर ठेवा. पुढे पिऊ द्यायचं का, किती वेळ, हे डॉक्टर सांगतील. पुन्हा त्रास झाला किंवा पिल्लं चार आठवड्यांची असतील तर दूध तोडणंच योग्य. या काळात तोंडाने कॅल्शियमच्या गोळ्या देतात. स्टेरॉइड मात्र नको, त्याने लघवीवाटे कॅल्शियम आणखी जातं.

आता सर्वांत महत्त्वाचा गैरसमज. "गाभण आहे, कॅल्शियम चालू करा" म्हणून कुणी सिरप देतं आणि महिनाभर रोज चमचा-चमचा पाजलं जातं. याने आजार टळत नाही, उलट ओढवतो. हाडं म्हणजे कॅल्शियमचं कोठार आणि त्याची किल्ली पॅराथायरॉइड ग्रंथीकडे असते. बाहेरून आयतं कॅल्शियम येत राहिलं की ती ग्रंथी सुस्तावते. मग तिसऱ्या आठवड्यात दुधाची मागणी एकदम वाढते तेव्हा कोठार भरलेलं असूनही उघडत नाही. म्हणून गाभणपणात वेगळं कॅल्शियम नको, नीट आहार हवा. शेवटच्या तीन आठवड्यांत पिल्लांसाठी मिळणारं चांगल्या प्रतीचं खाद्य हळूहळू चालू करा आणि तेच दूध पाजण्याच्या काळात ठेवा. त्यात कॅल्शियम आणि फॉस्फरस हवं त्या प्रमाणात असतं. तुमची कुत्री पोळी-दूध, वरण-भात किंवा नुसत्या बिनहाडाच्या चिकनवर असेल तर तो आहारही कमीच पडतो. तेव्हा काय घालायचं हे गाभणपणातच डॉक्टरांशी बसून ठरवा. ज्या कुत्रीला आधीच्या वेतात हा त्रास झाला आहे तिला पुढच्या वेतातही होण्याची शक्यता मोठी असते. तिला व्यायल्यानंतर, आधी नव्हे, कॅल्शियम चालू करायचा निर्णय डॉक्टर घेतात.

गर्भाशयाचा संसर्ग

हा बहुधा पहिल्या आठवड्यात होतो. वार किंवा मेलेलं पिल्लू आत राहिलं, बाळंतपण लांबलं, कुणी हात घालून पिल्लू ओढून काढलं किंवा जागा अस्वच्छ असली की धोका वाढतो. खुणा स्पष्ट असतात: कुजक्या वासाचा तांबूस-तपकिरी किंवा पूसारखा स्राव, ताप, अन्न बंद, दूध कमी, पिल्लांकडे दुर्लक्ष. डॉक्टर सोनोग्राफी आणि रक्ततपासणी करून प्रतिजैविकं, सलाइन आणि गर्भाशय रिकामं करणारी औषधं देतात. बिघाड फार झाला असेल तर गर्भाशय काढावं लागतं. ते ऐकून मन धास्तावतं, पण काही वेळा तिला वाचवण्याचा तोच मार्ग असतो.

घरी पिचकारीने आत औषध किंवा डेटॉलचं पाणी घालणं अजिबात करू नका. गर्भाशयाचं तोंड उघडं असतं आणि आतली भिंत कच्ची असते. "घाण बाहेर पडावी" म्हणून मेडिकलमधून ऑक्सिटोसिन आणून टोचणंही तितकंच धोक्याचं आहे. आत पिल्लू अडकलेलं असेल तर गर्भाशय फाटू शकतं.

सडांचे आजार

निरोगी सड मऊ, कोमट आणि भरलेले असतात. स्तनदाह झालेला सड दगडासारखा कडक, गरम आणि दुखरा लागतो. कातडी लाल, मग जांभळी होते. संशय आला तर त्या सडाचं थोडं दूध पांढऱ्या बशीत पिळा आणि शेजारी चांगल्या सडाचं पिळा. पहिल्या दोन दिवसांत ते पिवळसर आणि घट्ट असेल, तो चीक आहे आणि तो प्रत्येक पिल्लाच्या पोटात पहिल्या दिवशीच गेला पाहिजे. त्यानंतर दूध पांढरं हवं. गुलाबी, तपकिरी, गाठी असलेलं किंवा पूसारखं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

सुरुवातीच्या टप्प्यात ओल्या कोमट फडक्याने दहा मिनिटं शेक, दिवसातून तीन-चार वेळा, आणि मग तो सड हलक्या हाताने रिकामा करणं याने खूप फरक पडतो. प्रतिजैविक लागतंच, पण ते डॉक्टरांचं. गळू झालं नसेल तर अनेकदा पिल्लांना पिऊ देतात, कारण त्यांच्यासारखा सड कुणी रिकामा करत नाही. सड काळानिळा पडला किंवा फुटला तर मात्र पिल्लं तिथे लागू देऊ नका आणि ताबडतोब दाखवा. पिल्लांची नखं दर आठवड्याला कापा. सुईसारखी असतात ती, आणि त्या ओरखड्यांतूनच जंतू आत शिरतात.

पिल्लं दुधावरून तुटताना सड भरून येतात ते वेगळं. तेव्हा सगळेच सड सारखे ताणलेले असतात, ताप नसतो, दूध पांढरंच असतं. इथे दूध पिळू नका, पिळलं की आणखी येतं. एक-दोन दिवस खाणं कमी करा, पिल्लं हळूहळू तोडा, आपोआप आटतं. स्तनदाहात रिकामं करायचं आणि तोडताना भरलेलं तसंच ठेवायचं, यात गल्लत करू नका.

दूधच येत नसेल तर आधी दोन गोष्टी तपासा: दूध तयारच झालेलं नाही, की तयार आहे पण पान्हा सुटत नाही. दाबल्यावर थेंब येत असेल तर कुत्री घाबरलेली किंवा दुखणाईत आहे. तिला पाहुण्यांपासून दूर, अंधाऱ्या शांत खोलीत ठेवा. थेंबही येत नसेल तर औषधं आहेत, पण ती डॉक्टरांनीच द्यायची. तोवर पिल्लांना पावडरचं दूध द्या, पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, पोटावर उपडं धरून. माणसाच्या बाळासारखं उताणं धरून पाजलं की दूध फुप्फुसात जातं. आणि गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब, मग दूध. थंड अंगात दूध पचत नाही.

रक्त आणि मायांग

दोन-चार आठवड्यांनंतरही लाल थेंब पडत राहतात आणि कुत्री मात्र मजेत असते, खाते, खेळते, असं पहिल्या वेताच्या तरुण कुत्रीत दिसतं. वार जिथे चिकटलेली असते ती जागा भरून यायला वेळ लागतो. बहुतेक वेळा औषधाशिवाय थांबतं, पण सहा आठवड्यांच्या पुढे गेलं तर तपासून घ्या आणि मधूनमधून हिरड्यांचा रंग बघत राहा. धार लागली असेल, गाठी पडत असतील किंवा हिरड्या फिकट असतील तर एक मिनिटही थांबू नका.

मायांग, म्हणजे गर्भाशय, बाहेर येणं कुत्रीत फार क्वचित होतं. झालंच तर बाहेर आलेला भाग सलाइनने भिजवलेल्या स्वच्छ कपड्यात गुंडाळा, तिला चाटू देऊ नका, आत ढकलायचा प्रयत्न करू नका आणि निघा.

बाळंतिणीचा खुराक तिला कसा द्यायचा

आपल्याकडे बाळंतिणीला जे देतात ते कुत्रीलाही द्यावं असं प्रेमापोटी वाटतं. पण डिंकाच्या लाडवात मनुका असतात आणि मनुकांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. दूध यावं म्हणून दिला जाणारा लसूण तिच्या रक्तपेशी फोडतो, कांदाही तसाच. जायफळ नको. तूप ओतलेला शिरा खाऊन स्वादुपिंडाला सूज येते. ओवा-शेपांची धुरीही नको, पिल्लांची फुप्फुसं धुराला फार नाजूक असतात.

तिला हवं आहे ते भरपूर अन्न. पहिल्या आठवड्यात नेहमीच्या दीडपट, दुसऱ्यात दुप्पट, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पिल्लांच्या संख्येप्रमाणे अडीच-तीनपट. एका वेळी एवढं मावत नाही, म्हणून चार-पाच वेळा द्या आणि तिच्या जागेजवळच ठेवा. पाण्याचं भांडं कायम भरलेलं, पण पिल्लू आत पडणार नाही इतकं उथळ. पाणी कमी पडलं की दूध लगेच कमी होतं.

घरातल्या डब्यातली माणसांची औषधं देऊ नका. आयबुप्रोफेनने तिच्या पोटात अल्सर होतात आणि मूत्रपिंडं जातात, डायक्लोफेनॅकचंही तेच. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर भारतात 2006 पासून बंदीच आहे, गिधाडांच्या मरणामुळे. पॅरासिटामॉलही मनाने नको. डॉक्टरांकडे गेलात की "ती दूध पाजतेय" हे न विसरता सांगा. आपल्याकडे गोचीड-ताप सर्रास होतो आणि त्याचं नेहमीचं औषध टेट्रासायक्लिन गटातलं आहे. ते दुधातून पिल्लांच्या दातांवर आणि हाडांवर परिणाम करू शकतं. काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील, पण त्यांना ठाऊक तर हवं.

पिल्लं दोन आठवड्यांची झाली की जंताचं औषध आईला आणि पिल्लांना एकाच दिवशी द्या. जंत गर्भातून आणि दुधातूनही पिल्लांपर्यंत पोचतात.

गल्लीतली कुत्री व्यायली असेल तर

तिला थर्मामीटर लावता येणार नाही. पण रोज ठरावीक वेळी, ठरावीक जागी, हाताच्या अंतरावर न जाता अन्न-पाणी ठेवलंत तर ती येते, आणि ती येते का, कशी चालते, शेपटीखाली काय दिसतं, पिल्लं रडतायत का, एवढं लांबून कळतं. दोन वेळा आली नाही तर स्थानिक प्राणिमित्र संस्थेला कळवा. पिल्लं उचलून "सुरक्षित जागी" नेऊ नका, त्यांच्यावर पाणी गळत नसेल आणि गाडी जात नसेल तर त्यांची जागा तिनेच नीट निवडलेली असते.

रस्त्यावरच्या कुत्रीत महिनोन्महिने रक्ताचे थेंब दिसत असतील तर ते बाळंतपणाचं नसून जननेंद्रियातली संसर्गजन्य गाठ असू शकते. ती समागमातून पसरते आणि दर आठवड्याच्या इंजेक्शनांनी चांगली बरी होते, पण त्या काळात पिल्लांना दूध पाजता येत नाही.

एक गोष्ट फार गंभीरपणे सांगते. कॅल्शियम उतरलेली कुत्री झोकांड्या खाते, लाळ गाळते, बिथरते. रेबीज झालेलीही तसंच करते. लसीकरणाची खात्री नसलेल्या कुत्रीत लांबून फरक कळत नाही. तिला उघड्या हाताने धरू नका, प्रशिक्षित माणसं बोलवा. चावा किंवा ओरखडा लागलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या.

सहा आठवड्यांनंतर

दीड-दोन महिन्यांनी तिचे केस मूठ-मूठ गळतील, शेपूट विरळ होईल, ती हडकुळी दिसेल. खाणं चांगलं असेल तर दोन-तीन महिन्यांत अंगावर केस परत भरतात. वजन मात्र महिन्याभरात सावरलं पाहिजे, नाहीतर जंत आणि रक्त तपासून घ्या.

दूध आटल्यावर दोन-चार आठवड्यांनी नसबंदीची तारीख घ्या. पुन्हा पिल्लं नको असतील तर पुढच्या माजाची वाट बघू नका.  आणि नसबंदी न केलेल्या कुत्रीला पुढे कधीही, माज संपल्यावर महिना-दोन महिन्यांत, गर्भाशयात पू भरण्याचा आजार होऊ शकतो. वही त्या दिवशी सोबत न्या. कॅल्शियम किती वेळा उतरलं, कोणत्या सडाला दाह झाला, कोणतं औषध सोसलं नाही, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते लागतं.